मातीच्या पाटीवरील गणित : ओटो नॉयगेबाउर ह्यांचें चरित्र

इतिहास हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, किल्ले व तहनामे उभे राहतात. परंतु ज्या मनुष्यानें पहिल्यानें अपूर्णांक लिहिला, ज्यानें चौरसाचा कर्ण मोजला, किंवा पुढील ग्रहण केव्हां लागेल हें आकडेमोड करून सांगितलें, त्याचाही कांहीं इतिहास आहेच. तो बखरींत सांपडत नाहीं. त्याचीं साधनें निराळीं, आणि तीं वाचूं शकणारे लोकही थोडे. शाळेंत आपण गणित शिकतों तें जणूं आकाशांतून तयार होऊन खालीं पडलें अशा समजुतीनें शिकतों; म्हणूनच कित्येकांस तें रुक्ष वाटतें. हें गणित कोणीं, कोठें व कोणत्या गरजेपोटीं निर्माण केलें, हें शोधून काढण्यांत ज्यांनीं आपलें सारें आयुष्य वेंचिलें, अशांपैकीं एका थोर पंडिताची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ओटो नॉयगेबाउर ह्यांचा जन्म ऑस्ट्रिया देशांतील इन्सब्रुक ह्या गांवीं २६ मे १८९९ रोजीं झाला. त्यांचे वडील आगगाडीचे रस्ते बांधणारे इंजिनिअर होते. आईबापांचें छत्र लहानपणींच हरपल्यामुळें ग्राट्स शहरीं एका नातलगाच्या घरीं ते वाढले. शाळेंत गणित, यंत्रशास्त्र व रेखाचित्रण ह्यांत त्यांचें मन रमे. ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचा मात्र त्यांस कंटाळा असे. १९१७ सालीं पहिलें महायुद्ध चालू असतां, सैन्यांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रीकची परीक्षा न देतांच शाळा पुरी केल्याचा दाखला मिळेल असें त्यांना समजलें, आणि ते तत्काळ तोफखान्यांत भरती झाले. सवलत तर मिळाली. परंतु तिची किंमत इटलीच्या सरहद्दीवरील युद्धानें व युद्धाच्या अखेरीस भोगलेल्या बंदिवासानें चुकती करावी लागली. आणि दैवाची गंमत अशी कीं, परीक्षेच्या भयानें ज्या मुलानें ग्रीकला पाठ दाखविली, त्यालाच पुढें प्राचीन ग्रीक ज्योतिषाचे ग्रंथ आयुष्यभर उशाशीं घेऊन बसावें लागलें! टाळलेला अभ्यास पुढें वाट अडवून उभा राहतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बंदिवासांतून सुटल्यावर १९१९ पासून ग्राट्स येथें व नंतर म्यूनिच येथें त्यांनीं पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला. वडिलांनीं ठेविलेला पैसा युद्धानंतरच्या भयंकर चलनवाढींत नाहींसा झाला. अशा स्थितींत १९२२ सालीं ते जर्मनींतील गॉटिंगेन विद्यापीठांत आले. त्या काळीं गॉटिंगेन म्हणजे गणित्यांची काशीच होती. तेथें रिचर्ड कूरांट ह्यांचा त्यांच्यावर लोभ जडला. पुढें तेथील गणितसंस्थेची जी नवी इमारत १९२९ सालीं उघडली, तिची आंखणी करण्यांत नॉयगेबाउर ह्यांचा मोठा हात होता.

१९२४ मध्यें ते डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथें, हाराल्ड बोर ह्या गणितज्ञांकडे गेले. त्या दोघांनीं मिळून शुद्ध गणितावर एक निबंध लिहिला. परंतु आयुष्याला वळण लागलें तें दुसऱ्याच एका कामामुळें. नॉयगेबाउर ह्यांस प्राचीन इजिप्तच्या भाषेची गोडी लागली आहे हें बोर ह्यांना ठाऊक होतें; म्हणून नव्यानेंच छापलेल्या एका इजिप्ती गणितग्रंथाचें परीक्षण करण्याचें काम त्यांनीं ह्या तरुणाकडे सोंपविलें. तो ग्रंथ म्हणजे ऱ्हाइंड पपायरस. आह्मोस नांवाच्या लेखकानें इसवी सनापूर्वीं सुमारें १५५० ह्या काळीं लव्हाळ्याच्या कागदावर लिहिलेलें हें भेंडोळें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे.

ह्या भेंडोळ्यांतील अपूर्णांक फार चमत्कारिक दिसतात. दोन-तृतीयांश सोडल्यास इजिप्ती लोक केवळ अर्धा, तिसरा, चौथा, पांचवा असे एकेक भागच लिहीत. दोन-पंचमांश लिहावयाचे असल्यास ते ‘एक-तृतीयांश आणि एक-पंधरांश’ असें लिहीत. ही वेडगळ रीति होय, असें पुष्कळांस वाटे. पण क्षणभर आपणच विचार करूं. दोन भाकरी पांच जणांत सारख्या वांटावयाच्या आहेत. प्रत्येक भाकरीचे तीन सारखे तुकडे केले, म्हणजे सहा तुकडे झाले. पांच जणांस एकेक तुकडा दिला, व उरलेल्या सहाव्या तुकड्याचे पांच भाग करून तेही वांटले. प्रत्येकाच्या वांट्यास काय आलें? एक-तृतीयांश, आणि तृतीयांशाचा पांचवा हिस्सा म्हणजे एक-पंधरांश! वांटणी बिनचूक झाली, व सर्वांच्या पानांत सारखेच तुकडे पडले. ज्या रीतीला आपण हंसत होतों तिच्यांत असें कांहीं शहाणपण दिसूं लागतें. नॉयगेबाउर ह्यांनीं ह्याच इजिप्ती अपूर्णांकांवर प्रबंध लिहून १९२६ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली. जुन्या लोकांस आपल्या मापानें मोजण्यापूर्वीं त्यांच्या रीतीनें गणित करून पाहावें, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम येथूनच सुरू झाला.

इजिप्तमधून त्यांची दृष्टि बाबिलोनकडे वळली. तैग्रिस व युफ्रेटीस ह्या नद्यांच्या कांठीं, आजच्या इराक देशांत, लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनें टोंचून लिहीत व ती पाटी वाळवीत किंवा भाजीत. बोरूच्या टोंकाचे ठसे पाचरीसारखे उमटत. अशा हजारों पाट्या युरोपांतील व अमेरिकेंतील संग्रहालयांत येऊन पडल्या होत्या. परंतु ज्यांना ती भाषा येई त्यांना गणित येत नसे, व ज्यांना गणित येई त्यांना भाषा येत नसे. नॉयगेबाउर ह्यांनीं दोन्ही साधावयाचें ठरविलें. त्यांनीं अक्कादी भाषा हस्तगत केली, आणि त्या अभ्यासासाठीं रोम येथें जाऊन आन्टोन डाइमेल ह्या जेसुइट धर्मगुरूंच्या हाताखालीं काम केलें. त्यांनीं ह्या पाट्या एकत्र करून, त्यांतील प्रत्येक खूण तपासून, भाषांतर व विवेचन ह्यांसह तीन भागांत छापल्या. हा ग्रंथ १९३५ ते १९३७ ह्या काळांत प्रसिद्ध झाला.

बाबिलोनी लोकांची मोजणी साठांची होती. आपण दहा झाले कीं डावीकडे एक घर सरकतों. ते साठ झाले कीं सरकत. समजा, त्यांनीं ‘२’ व त्यापुढें ‘१५’ असें लिहिलें, तर त्याचा अर्थ दोन साठा आणि पंधरा, म्हणजे १३५. हें अवघड वाटत असल्यास घड्याळाकडे पाहावें : दोन तास पंधरा मिनिटें म्हणजे १३५ मिनिटेंच कीं! तासाचीं साठ मिनिटें, मिनिटाचे साठ सेकंद व वर्तुळाचे तीनशें साठ अंश हा सारा त्याच जुन्या मोजणीचा वारसा होय.

ह्या पाट्यांपैकीं एक तळहातावर मावेल एवढी लहान असून अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. ती एखाद्या विद्यार्थ्याची असावी असें मानतात. तिच्यावर एक चौरस व त्याचे कर्ण काढलेले आहेत. बाजूवर ३० हा आंकडा आहे, आणि कर्णावर १, २४, ५१, १० असे आंकडे ओळीनें लिहिले आहेत. साठांच्या मोजणीनें त्यांचा अर्थ लावला, तर एक, अधिक चोवीस-साठांश, अधिक एकावन्न-छत्तीसशांश, व त्यापुढील दहा, अशी बेरीज १.४१४२१२९६ येते. दोनाचें वर्गमूळ १.४१४२१३५६ आहे. म्हणजे सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या ह्या पाटीवरील उत्तर पांच दशांशस्थळांपर्यंत बरोबर आहे! त्याखालीं ४२, २५, ३५ हे आंकडे आहेत. तीस बाजूच्या चौरसाचा तो कर्ण होय. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून ताळा पाहावा.

दुसरी एक पाटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आहे. सूचींत तिची नोंद व्यापारी हिशेब अशी झाली होती. नॉयगेबाउर व त्यांचे सहकारी अब्राहम साक्स ह्यांनीं ती लक्षपूर्वक वाचली. पहिल्या ओळींत त्यांना ११९ व १६९ ह्या संख्या मिळाल्या. १६९ चा वर्ग २८,५६१. ११९ चा वर्ग १४,१६१. वजाबाकी १४,४००, म्हणजे बरोबर १२० चा वर्ग! अशा पंधरा ओळी त्या पाटीवर आहेत. काटकोन त्रिकोणाचा जो सिद्धांत आपण पायथागोरसच्या नांवानें पाठ करतों, तो पायथागोरसपूर्वीं हजार वर्षांहून अधिक काळ बाबिलोनी लेखकांस ठाऊक होता, हें त्या तथाकथित हिशेबांतून सिद्ध झालें. ही हकीकत १९४५ च्या त्यांच्या ग्रंथांत प्रसिद्ध झाली.

परंतु ही पाटी वाचावयास त्यांना जर्मनी सोडून अमेरिकेंत कां जावें लागलें, तें सांगितल्यावांचून हें चरित्र अपुरें राहील.

१९३१ सालीं नॉयगेबाउर ह्यांनीं एक सारपत्रिका सुरू केली होती. जगांत कोठेंही गणितावर नवा निबंध प्रसिद्ध झाला, तर त्याचा सारांश त्या विषयाच्या जाणत्याकडून लिहवून छापावयाचा, असें तिचें काम होतें. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. कूरांट हे ज्यू असल्यामुळें त्यांना गणितसंस्थेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यांत आलें, व ती जागा नॉयगेबाउर ह्यांस देण्यांत आली. नव्या सरकाराशीं एकनिष्ठ राहण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करा, असें त्यांना सांगण्यांत आलें. नॉयगेबाउर स्वतः ज्यू नव्हते. एक सही केली असती तर मान, पगार व स्वतः आंखलेली ती सुंदर इमारत, सर्व कांहीं त्यांचेंच राहिलें असतें. त्यांनीं सही केली नाहीं. त्यांचें प्रमुखपद एकच दिवस टिकलें, आणि त्याच इमारतीचें दार त्यांना बंद झालें.

१९३४ च्या आरंभीं हाराल्ड बोर ह्यांनीं त्यांना कोपनहेगन येथें आश्रय मिळवून दिला. सारपत्रिकेचें संपादन ते तेथून करीत राहिले. पण १९३८ सालीं पुन्हां कसोटीची वेळ आली. इटलीचे थोर गणितज्ञ तुलिओ लेव्ही-चिव्हिता हे ज्यू असल्यामुळें त्यांचें नांव संपादकमंडळांतून, नॉयगेबाउर ह्यांस न विचारतां, काढून टाकण्यांत आलें. गणिताचा निबंध कोणत्या जातीच्या मनुष्यानें लिहिला हें पाहून जर त्याची किंमत ठरावयाची असेल, तर त्या पत्रिकेंत सत्य कोठें राहिलें? नॉयगेबाउर ह्यांनीं राजीनामा दिला, व मंडळांतील दुसऱ्या अनेक गणितज्ञांनीं त्यांचें अनुकरण केलें. पदरचें अपत्यच जणूं त्यांनीं सोडून दिलें. पुढच्याच वर्षीं, १९३९ मध्यें, ते अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत गेले, आणि १९४० सालीं तेथून दुसरी सारपत्रिका नव्यानें सुरू झाली. ह्या दोन्ही सारपत्रिका आजही जगांतील गणितज्ञांच्या उपयोगी पडत आहेत.

ब्राउन विद्यापीठांत १९४७ सालीं त्यांच्यासाठीं गणिताच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. येथें त्यांनीं प्राचीन ज्योतिर्गणिताचें प्रचंड काम तडीस नेलें. बाबिलोनच्या ज्योतिषाचा उलगडा पहिल्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्ट्रासमायर व एपिंग आणि त्यांच्यामागून कुग्लर ह्या जेसुइट धर्मगुरूंनीं केला होता. त्यांच्या पायावर नॉयगेबाउर ह्यांनीं इमारत चढविली. चंद्र व ग्रह ह्यांचीं गणितें असलेल्या सुमारें ३०० पाट्या व त्यांचे तुकडे जोडून त्यांनीं १९५५ सालीं तीन खंड प्रसिद्ध केले.

त्या पाट्यांतील एका संख्येची कथा आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा सरासरी काळ बाबिलोनी ज्योतिष्यांनीं २९, ३१, ५०, ८, २० असा लिहिला आहे. हे आंकडे आपल्या जुन्या पंचांगाच्या रीतीनें वाचून पाहावे. दिवसाच्या साठ घटी, घटीचीं साठ पळें, पळाचीं साठ विपळें. तेव्हां हा चांद्रमास २९ दिवस, ३१ घटी, ५० पळें व ८ विपळें झाला. आपल्या सूर्यसिद्धांतांतील आंकड्यांवरून चांद्रमास काढला, तर २९ दिवस, ३१ घटी, ५० पळें व ७ विपळें येतो! आजच्या सूक्ष्म यंत्रांनीं केलेल्या मापाशीं ताडून पाहतां बाबिलोनी संख्येंतील फरक एका सेकंदाहूनही कमी आहे. हीच संख्या पुढें ग्रीक ज्योतिषी टॉलेमी ह्याच्या ग्रंथांत व ज्यू लोकांच्या पंचांगांत आली. ह्या एका संख्येचा प्रवास मातीच्या पाटीपासून मध्ययुगीन युरोपांतील एका चित्रमय प्रार्थनापुस्तकापर्यंत कसा झाला, ह्यावर नॉयगेबाउर ह्यांचा लेख १९८९ सालीं, नव्वदीच्या उंबरठ्यावर असतांना, प्रसिद्ध झाला.

भारतवर्षाकडेही त्यांचें लक्ष होतें. १८२५ सालीं पाँडिचेरी येथील एका तमिळ पंचांगकर्त्यानें भुईवर कवड्या मांडून, व तोंडपाठ असलेल्या कोष्टकांच्या आधारें, चंद्रग्रहणाचें गणित करून दाखविलें. स्पर्शाची वेळ अवघ्या चार मिनिटांच्या फरकानें जुळली. जॉन वॉरन ह्या अधिकाऱ्यानें ही हकीकत लिहून ठेविली होती. नॉयगेबाउर ह्यांनीं ती १९५२ सालीं नव्यानें अभ्यासिली, व बाबिलोनमधील गणितपद्धतीशीं तिचें नातें दाखविलें. कीलाकार लिपि विसरली गेली, तें राज्य लयास गेलें, तरी एक गणित कवड्यांच्या रूपानें दोन हजार वर्षें जगलें! पुढें डेव्हिड पिंग्री ह्या संस्कृतज्ञ पंडिताबरोबर त्यांनीं वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धांतिका’ ग्रंथाची आवृत्ति १९७०-७१ मध्यें काढिली. ह्याच ग्रंथाचा ऊहापोह आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषाच्या मराठी इतिहासांत केलेला आहे, हें मराठी वाचकांस अभिमानानें आठवेल.

येथें कोणी विचारील कीं, भाबड्या फलज्योतिषाच्या पोथ्या व फुटक्या विटा चाळण्यांत एवढी विद्वत्ता कशाला खर्चावी? हाच आक्षेप जॉर्ज सार्टन ह्या विज्ञानाच्या नामांकित इतिहासकारानें अशा एका पोथीवर घेतला होता. त्यावर १९५१ सालीं नॉयगेबाउर ह्यांनीं एक छोटासा लेख लिहून उत्तर दिलें. त्याचें तात्पर्य असें कीं, एका देशाची विद्या दुसऱ्या देशांत कोणत्या वाटेनें गेली, ह्याचा माग अशा टाकाऊ वाटणाऱ्या पोथ्यांतच सांपडतो. तेव्हां जुने लोक शहाणे होते कीं मूर्ख होते हा निवाडा करण्याआधीं त्यांनीं काय लिहिलें तें नीट वाचणें हें इतिहासकाराचें काम होय.

त्यांचे सर्वच सिद्धांत आज जसेच्या तसे मान्य आहेत असें नाहीं. बाबिलोनी गणितांत त्यांना आपल्यासारखें बीजगणित दिसलें. पुढें डेन्मार्कच्या येन्स हॉयरुप ह्यांनीं त्याच पाट्यांतील शब्द बारकाईनें तपासून दाखविलें कीं, ते लेखक प्रत्यक्ष चौरस व आयत कापून, सरकवून व जोडून उत्तरें काढीत होते. परंतु ही दुरुस्ती करणें शक्य झालें, तें नॉयगेबाउर ह्यांनीं मूळ लेख प्रामाणिकपणें जगापुढें मांडून ठेविले म्हणून. आपल्या मताबरोबर आपल्या मताचा पुरावाही जो देतो, त्याची चूकसुद्धां विद्येच्या कामीं येते.

१९७५ सालीं प्राचीन ज्योतिर्गणिताचा त्यांचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला. १९८६ मध्यें त्यांना बाल्झान पारितोषिक मिळालें; ती रक्कम त्यांनीं प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेस देऊन टाकिली. त्याच प्रिन्स्टन गांवीं १९ फेब्रुवारी १९९० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

ह्या चरित्रांतील दोन गोष्टी, एक पाटीवरील आंकडे तपासण्याची व दुसरी सही नाकारण्याची, वरवर निराळ्या दिसतात. आमच्या मतें त्या एकच आहेत. जो मनुष्य चार हजार वर्षांपूर्वींच्या अनामिक लेखकाचा एक आंकडाही सोयीसाठीं बदलावयास तयार नव्हता, तो एका जुलमी सत्तेच्या सोयीसाठीं आपली सही द्यावयास कसा तयार होणार? सचोटी ही मोठ्या प्रसंगीं एकाएकीं अंगीं येत नाहीं. ती लहानसहान कामांतच कमवावी लागते. आमचे विद्यार्थी रोज वहींत जें गणित करतात, त्यांत उत्तर मागच्या पानावरून उतरून घेण्याचा मोह किती वेळां होतो! त्या वेळीं प्रत्येक पायरी स्वतः लिहून ताळा पाहण्याची संवय ज्यानें लावून घेतली, त्यानें गणित तर साधलेंच, पण त्याहून मोठी अशी एक गोष्टही साधली, असें आम्हांस वाटतें.